ख्रिस्ती श्रद्धा आणि भारताचे सार्वजनिक जीवन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मंडळीचे पंच, धर्मग्रामातले (पॅरिशमधले) कार्यकर्ते, शाळांचे व्यवस्थापक, लग्न ठरलेली मुले-मुली आणि नुकताच बाप्तिस्मा घेतलेली माणसे जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे घेतले आहेत. बहुतेक ठिकाणी अडचण हक्क नसल्याची नसते. हक्क असतो, पण त्याला लागणारा कागद वेळेवर केलेला नसतो.

भारतात कोणत्याही चर्चला सरकारी दर्जा आहे का?

नाही. इंग्रजांच्या काळात अँग्लिकन चर्चचा सरकारशी कायदेशीर संबंध होता आणि सरकारी तिजोरीतून पगार घेणारे पाद्रीही होते. १९२७ च्या कायद्याने तो संबंध तोडण्याचे ठरले आणि १९३० मध्ये तो तुटला. म्हणजे स्वातंत्र्याच्या सतरा वर्षे आधीच हा विषय संपला होता. इंग्लंडमध्ये आजही अँग्लिकन चर्चचे २६ बिशप पदसिद्ध म्हणून वरिष्ठ सभागृहात बसतात. आपल्याकडे बिशपांना असे एकही पद नाही.

मिशनरी आणि कंपनी सरकार एकाच बोटीतून आले, असे सर्रास बोलले जाते. गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे अमेरिकन मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत उतरले तेव्हा त्यांना परत पाठवण्याची खटपट कंपनी सरकारनेच केली होती.

मग राज्यघटनेने नेमके काय दिले आहे?

अनुच्छेद २५ ते ३० वाचावेत. २५ मध्ये धर्म मानण्याचे, आचरण्याचे आणि त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य आहे. ते फक्त नागरिकांना नाही, ‘सर्व व्यक्तींना’ आहे. मात्र सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांची मर्यादा त्याच वाक्यात आहे. २६ हा संप्रदायांसाठी आहे: संस्था काढणे, धार्मिक कारभार स्वतः पाहणे, मालमत्ता बाळगणे. मालमत्तेचा कारभार मात्र कायद्यानुसारच करावा लागतो. चर्चच्या जमिनीवरचे पुष्कळसे वाद या शेवटच्या अटीशी येऊन थांबतात.

‘प्रसार’ हा शब्द घटनेत राहावा की नाही, यावर डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत जोरदार चर्चा झाली. लोकनाथ मिश्र विरोधात होते, कन्हैयालाल मुनशी बाजूने. शब्द राहिला. पुढच्या मे महिन्यात धार्मिक अल्पसंख्याकांच्या राखीव जागा रद्द करण्याचा ठराव सल्लागार समितीत मांडला तो बंगालच्या हरेंद्रकुमार मुखर्जी या ख्रिस्ती सदस्याने. आम्हाला आमदारकीचा कोटा नको, विवेकाचे स्वातंत्र्य हवे, अशी ती भूमिका होती. भारतातल्या ख्रिस्ती सार्वजनिक जीवनाचा पाया आमच्या मते तिथे आहे. अँग्लो-इंडियन समाजाच्या नेमलेल्या जागा ही वेगळी तरतूद होती. १०४ व्या घटनादुरुस्तीनंतर जानेवारी २०२० पासून तीही राहिली नाही.

प्रसाराचा हक्क आहे म्हणजे दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क आहे का?

सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये रेव्हरंड स्टॅनिस्लाउस खटल्यात ‘नाही’ असे उत्तर दिले. आपल्या धर्माची तत्त्वे सांगून तो पसरवता येतो. दुसऱ्याला धर्मांतरित करणे हा मात्र मूलभूत हक्क नाही. ओडिशा (१९६७) आणि मध्य प्रदेश (१९६८) यांचे कायदे त्या निकालात टिकले. ज्याला स्वतःच्या मनाने धर्म बदलायचा आहे त्याचे विवेकस्वातंत्र्य त्यामुळे जात नाही. तरीही हा निकाल ख्रिस्ती वर्तुळात आजतागायत खुपतो, आणि ते समजण्यासारखे आहे.

राज्याराज्यांचे कायदे वेगळे आहेत. कुठे जिल्हा दंडाधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागते, कुठे ६० दिवस आधी घोषणापत्र द्यावे लागते. कायदे बदलतही राहतात. म्हणून ज्या जिल्ह्यात बाप्तिस्मा होणार तिथे त्या तारखेला कोणता कायदा लागू आहे, ते आधी वकिलाकडून तपासून घ्यावे. शेजारच्या राज्यातल्या पाळकांनी वापरलेला नमुना उचलून भरू नये. बाप्तिस्मा घेणारी व्यक्ती सज्ञान असावी. तिने स्वतःच्या हस्ताक्षरात अर्ज द्यावा आणि तो मंडळीच्या दप्तरात तारखेसह राहावा. त्याच दिवशी किंवा आसपास त्या व्यक्तीला धान्य, शिष्यवृत्ती, औषधोपचार अशी कोणतीही मदत झाली असेल, तर ‘आमिष’ हा आरोप तिथूनच सुरू होतो. मदतकार्य आणि बाप्तिस्म्याची नोंदवही यांचा कारभार वेगवेगळ्या माणसांकडे ठेवणे शहाणपणाचे.

परदेशी पाहुण्यांबद्दलही हेच. पर्यटक व्हिसावर आलेल्याला सभेत उपदेशाला उभे करू नये. तो व्हिसाच्या अटींचा भंग ठरतो आणि चौकशी यजमानांचीही होते.

बाप्तिस्म्यानंतर नाव बदलावे लागते का? आणखी काय बदलते?

नाव बदलण्याची सक्ती ना चर्चची आहे, ना सरकारची. नारायण वामन टिळक आणि पंडिता रमाबाई यांनी आपली नावे शेवटपर्यंत वापरली. बदलायचेच असेल तर महाराष्ट्र शासन राजपत्रात नोंद करावी आणि मग आधार, पॅन, बँक, शाळा अशी एकेक कागदपत्रे त्याच स्पेलिंगने बदलावीत. अर्धी कागदपत्रे जुन्या नावाने आणि अर्धी नव्या नावाने राहिली की पुढे वारस दाखल्याच्या वेळी डोकेदुखी होते.

नावापेक्षा मोठे बदल कायद्यात होतात आणि ते आधी कोणी सांगत नाही:

- जोडीदार हिंदू असेल तर लग्न आपोआप मोडत नाही, पण त्याला किंवा तिला हिंदू विवाह कायद्याखाली घटस्फोटाचे एक कारण मिळते.
- धर्म बदललेल्या व्यक्तीचा वडिलार्जित वारसा केवळ धर्मांतराने जात नाही. मात्र हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम २६ प्रमाणे धर्मांतरानंतर जन्मलेली मुले हिंदू नातेवाइकांची वारस होत नाहीत, वारसा उघडतो त्या वेळी ती हिंदू असल्याखेरीज. आजोबांना नातवंडांना काही द्यायचे असेल तर मृत्युपत्र करणे हाच सरळ मार्ग.
- हिंदू कायद्याने दत्तक घेता येत नाही. ख्रिस्ती जोडप्यांना २०१५ च्या बाल न्याय कायद्याखालची प्रक्रिया करावी लागते.

अनुसूचित जातीच्या सवलती राहतात का?

राहत नाहीत. सर्वाधिक दुखरा प्रश्न हाच आहे. १९५० च्या राष्ट्रपती आदेशाच्या तिसऱ्या परिच्छेदाने अनुसूचित जातीचा दर्जा धर्माशी बांधला. १९५६ मध्ये शीख दलितांचा आणि १९९० मध्ये बौद्धांचा त्यात समावेश झाला. ख्रिस्ती आणि मुस्लिम बाहेरच राहिले. १९५६ च्या नागपूरच्या दीक्षेनंतर बौद्धांना केंद्रात हा दर्जा मिळायला ३४ वर्षे लागली, हे महाराष्ट्रात वेगळे सांगायला नको.

सर्वोच्च न्यायालयाने १९८५ च्या सूसाई खटल्यात सांगितले की धर्मांतरानंतरही जातीमुळे येणारे मागासलेपण नव्या समाजात तितक्याच तीव्रतेने टिकून आहे, हे पुराव्याने दाखवावे लागेल. रंगनाथ मिश्रा आयोगाने २००७ मध्ये धर्माची अट काढण्याची शिफारस केली, ती अमलात आली नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये याच विषयासाठी के. जी. बालकृष्णन आयोग नेमला गेला. चर्चमध्ये जात मानत नाहीत म्हणून सवलत नाही, हा युक्तिवाद ऐकायला बरा वाटतो. पण दक्षिणेत काही गावांत दलित ख्रिस्ती लोकांची दफनभूमीसुद्धा वेगळी आहे, आणि ही चर्चचीही लाज आहे.

व्यवहारात तीन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, रविवारी चर्च आणि दाखल्यावर हिंदू अनुसूचित जात, असे दुहेरी जगणे धोक्याचे आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये सी. सेल्वराणी खटल्यात बाप्तिस्मा झालेल्या महिलेचा अनुसूचित जातीचा दावा फेटाळताना न्यायालयाने त्याला घटनेशी केलेली लबाडी म्हटले. जात पडताळणी समिती बाप्तिस्म्याची वही मागवू शकते, आणि मिळालेली नोकरी वीस वर्षांनीही जाऊ शकते. दुसरी, पुन्हा मूळ धर्मात गेल्यावर दर्जा परत हवा असेल तर २०१५ च्या के. पी. मनू निकालाप्रमाणे तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात: कुटुंब मुळात त्या जातीचे होते, परतणे खरोखर झाले आहे आणि त्या समाजाने स्वीकारले आहे. तिसरी, अनुसूचित जमातींना धर्माची अट नाही. नंदुरबारचा भिल्ल ख्रिस्ती झाला म्हणून केवळ त्या कारणाने त्याचा जमातीचा दाखला रद्द होत नाही. काही राज्यांनी दलित ख्रिस्ती लोकांना इतर मागासवर्गात घेतले आहे (आंध्रात ‘बीसी-सी’ गट), पण ती यादी राज्यागणिक पाहावी लागते.

चर्चमध्ये लागलेले लग्न कायदेशीर ठरण्यासाठी काय लागते?

१८७२ चा भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा लागतो. वधू-वरांपैकी एक जण जरी ख्रिस्ती असेल आणि लग्न चर्चमध्ये लावायचे असेल तरी हाच कायदा. लग्न कोण लावू शकतो, ते कलम ५ मध्ये आहे: बिशपकडून दीक्षा मिळालेले धर्मगुरू, सरकारी परवाना असलेले पाळक, विवाह निबंधक आणि भारतीय ख्रिस्ती लोकांच्या विवाहाचे प्रमाणपत्र देण्याचा परवाना असलेली व्यक्ती.

सगळ्यात जास्त लग्ने इथेच अडकतात. स्वतंत्र मंडळ्यांतले अनेक पाळक मनापासून सेवा करतात, पण त्यांच्याकडे सरकारी परवाना नसतो. त्यांनी दिलेले सुबक छापील प्रमाणपत्र पारपत्र कार्यालयात किंवा परदेशी दूतावासात चालत नाही. शिवाय अधिकार नसताना लग्न लावणे हा कलम ६८ खाली गंभीर गुन्हा आहे, दहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणून हॉलची आगाऊ रक्कम देण्याआधी परवान्याची प्रत मागून घ्या. त्यात संकोच वाटू देऊ नका.

परवानाधारक पाळकांकडचा क्रम असा: वधू-वरांपैकी एकाने लेखी सूचना द्यायची (दोघांची नावे, व्यवसाय, राहण्याचे ठिकाण, तिथे किती काळ राहतो, लग्न कुठे होणार). सूचना चर्चमध्ये लावली जाते. चार दिवसांनंतर सूचनेचा दाखला मिळतो आणि त्यापासून दोन महिन्यांत लग्न लागले नाही तर दाखला बाद होऊन सगळे पुन्हा करावे लागते. लग्नाची वेळ सकाळी ६ ते संध्याकाळी ७. पाहुण्यांची वाट पाहत साडेसात वाजवणारी लग्ने आपल्याकडे कमी नाहीत. बिशपांचा खास परवाना असल्याशिवाय हे चालत नाही. पाळकांखेरीज किमान दोन साक्षीदार. वहीत आणि प्रमाणपत्रात आधारप्रमाणेच नाव लिहिले आहे ना, हे सही करण्याआधी वाचा, कारण नंतरची दुरुस्ती फार वेळखाऊ असते. कॅथलिकांचा क्रम त्यांच्या स्वतःच्या नियमांप्रमाणे चालतो. लग्नाची जाहीर वाचणी आणि विवाहपूर्व शिबिर त्यातच येते.

मुलगा हिंदू, मुलगी ख्रिस्ती. दोन्ही पद्धतींनी लग्न लावले तर?

नुसते हिंदू विधीने लावलेले लग्न हिंदू विवाह कायद्याखाली टिकत नाही, कारण त्यासाठी दोघेही हिंदू हवेत. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये हे स्पष्ट केले. कोणालाच धर्म बदलायचा नसेल तर १९५४ चा विशेष विवाह कायदा बरा: दोघांपैकी एक जण त्या जिल्ह्यात ३० दिवस राहिलेला असावा, नोटीस दिल्यावर ३० दिवस थांबायचे, तीन साक्षीदार आणायचे. नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत लग्न झाले नाही तर ती संपते. चर्चमध्येच लावायचे असेल तर कॅथलिक पक्षाला बिशपांची सूट घ्यावी लागते. त्यासाठी अर्ज फादरांकडे लवकर द्यावा.

चर्चच्या न्यायाधिकरणाने लग्न रद्द ठरवले. आता दुसरे लग्न करता येईल?

चर्चच्या दृष्टीने हो, देशाच्या कायद्याने नाही. १९९६ च्या मॉली जोसेफ निकालात आणि पुन्हा २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितले. दिवाणी न्यायालयाचा हुकूमनामा नसताना दुसरे लग्न केले तर तो द्विभार्या किंवा द्विपतीचा गुन्हा ठरू शकतो. दोन्ही प्रक्रिया कराव्या लागतात.

घटस्फोटाचा १८६९ चा कायदा पत्नीवर फार अन्याय करणारा होता. पतीला व्यभिचार एवढे एकच कारण पुरे. पत्नीला व्यभिचारासोबत क्रूरता किंवा त्यागही सिद्ध करावा लागे. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने १९९७ मध्ये प्रगती वर्गीस खटल्यात ही अट काढली. संसदेने २००१ मध्ये कायदा दुरुस्त केला, दोघांना सारखी कारणे दिली आणि परस्पर संमतीचे कलम १०-अ घातले.

मृत्युपत्र नसेल तर वाटणी कशी होते?

१९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याप्रमाणे. पत्नी आणि मुले असतील तर पत्नीला एक तृतीयांश, उरलेले दोन तृतीयांश मुला-मुलींत सारखे. मूल नसेल पण इतर रक्ताचे नातेवाईक असतील तर पत्नीला निम्मे. ‘मुलीचे लग्नात दिले, आता तिचा वाटा नाही’ हे कायद्यात कुठेही नाही. केरळात जुन्या त्रावणकोर संस्थानाच्या कायद्याने मुलींना डावलले जाई. मेरी रॉय यांच्या १९८६ च्या खटल्याने ते थांबले. गोव्यात नागरी संहिता वेगळी आहे. तिथे पती-पत्नीची मालमत्ता साधारणपणे सामाईक मानतात आणि निम्मा हिस्सा मुलांसाठी राखीव असतो, मृत्युपत्रानेही तो काढून घेता येत नाही.

व्यासपीठावरून, म्हणजे उपदेशातून, कोणाला मत द्यावे हे सांगता येते का?

मतदान करा, पैसे घेऊ नका, गरिबांचा विचार करा, असे सांगता येते. उमेदवाराचे नाव घेऊन सांगितले की प्रकरण गंभीर होते. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३ मध्ये दोन वेगळ्या गोष्टी आहेत. धर्माच्या नावाने मत मागणे ही एक. २०१७ च्या अभिराम सिंग निकालाने ही बंदी उमेदवाराच्याच नव्हे, मतदाराच्या धर्मालाही लागू केली. मत न दिल्यास देवाचा कोप होईल किंवा धार्मिक बहिष्कार पडेल अशी भीती घालणे ही दुसरी. हे सिद्ध झाले तर निवडून आलेल्याची निवड रद्द होते. निवडणूक याचिका निकालापासून ४५ दिवसांत उच्च न्यायालयात करावी लागते.

शिवाय १९८८ च्या धार्मिक संस्थांच्या गैरवापरविरोधी कायद्याने चर्चची जागा राजकीय प्रचारासाठी देणे गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. उमेदवार नाताळला केक घेऊन आला तर स्वागत करा, पण ध्वनिक्षेपक हातात देऊ नका.

कॅथलिक धर्मगुरूंना नागरी सत्तेचे पद स्वीकारायला त्यांच्या चर्चच्याच कायद्याने मनाई आहे. सामान्य ख्रिस्ती माणसाला अशी कोणतीही आडकाठी नाही.

न्यायालयात बायबलवर हात ठेवावा लागतो का?

ते फक्त चित्रपटात. १९६९ च्या शपथ कायद्यात कोणत्याही ग्रंथाची गरज नाही. आमदार-खासदारांनाही ‘ईश्वरसाक्ष शपथ’ किंवा ‘गांभीर्यपूर्वक दृढकथन’ असे दोन पर्याय आहेत. शपथ न घेण्याचा नियम पाळणाऱ्या पंथांना दुसरा उपयोगी पडतो.

मिशन शाळेत सगळ्या मुलांना प्रार्थनेला बसवता येते का?

अनुदानित किंवा मान्यताप्राप्त शाळेत मुलाच्या पालकांची संमती नसेल तर नाही (अनुच्छेद २८). प्रवेश अर्जावर संमतीची एक ओळ आणि सही घ्यावी. पुढचे बरेच वाद तिथेच मिटतात. अनुदान घेणाऱ्या शाळेला धर्म किंवा जात पाहून प्रवेश नाकारता येत नाही, मात्र अल्पसंख्याक कोट्याची व्यवस्था आहे. शिक्षण हक्क कायद्यातल्या २५ टक्के जागांमधून २०१४ च्या प्रमती निकालाने अल्पसंख्याक शाळांना सूट मिळाली. त्या निकालाबद्दल सर्वोच्च न्यायालयानेच सप्टेंबर २०२५ मध्ये शंका घेऊन प्रकरण मोठ्या पीठासाठी पाठवले आहे. त्यामुळे व्यवस्थापनाने या सुटीवर कायमचे विसंबू नये.

राष्ट्रगीताबद्दल: केरळात यहोवाचे साक्षीदार पंथातली तीन मुले राष्ट्रगीताला आदराने उभी राहत, पण गात नसत. त्यांना काढून टाकलेली शाळा १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात हरली. उभे राहणे पुरेसे आहे, हा त्याचा व्यवहारातला अर्थ.

अनुदानित शाळेत शिकवणाऱ्या सिस्टर आणि फादर यांच्या पगारातून आयकर कापला जातो. त्यांनी गरिबीचे व्रत घेऊन पगार आपल्या धर्मसंघाला दिला तरीही, असे नोव्हेंबर २०२४ मध्ये पक्के झाले.

चर्चची मालमत्ता आणि विश्वस्त: सगळ्यात जास्त चूक कुठे होते?

बदल अर्जात. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम २२ प्रमाणे विश्वस्त बदलला, वारला किंवा मालमत्तेत फरक पडला की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात कळवावे लागते. पंधरा-वीस वर्षे हे केलेच नाही अशा मंडळ्या गावोगाव सापडतात. वहीवर वारलेल्या माणसांची नावे, आणि प्रत्यक्ष कारभार करणाऱ्यांना बँकेत सही करता येत नाही. मग दोन गट होतात आणि प्रत्येक गट आपली निवडणूक खरी म्हणतो.

जमीन विकण्यासाठी कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची पूर्वमंजुरी हवी. शेतजमीन १० वर्षांहून जास्त आणि इतर मिळकत ३ वर्षांहून जास्त मुदतीने भाड्याने देण्यासाठीही ती लागते. बिल्डरने आधी पैसे दिले आणि मंजुरी ‘नंतर बघू’ म्हटले तर तो करार करू नये.

जुन्या मिशनची जमीन आपोआप आपल्या चर्चची झाली, हाही गैरसमज आहे. अनेक प्रोटेस्टंट पंथ एकत्र येऊन उत्तर भारतीय चर्च (सीएनआय) २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात स्थापन झाले. पण गुजरातेतल्या ब्रदरन मंडळीच्या विश्वस्त मालमत्तेबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितले की, चर्च एक झाले म्हणून विश्वस्त व्यवस्था विसर्जित होऊन मालमत्ता नव्या चर्चकडे जात नाही. मूळ खत, फेरफार आणि परिशिष्ट एकचा (धर्मादाय कार्यालयातल्या विश्वस्त नोंदवहीचा) उतारा, हे तीन कागद आधी काढा.

परदेशातून दान घेता येते का?

परदेशी अंशदान कायद्याखाली नोंदणी असेल तरच, आणि पहिल्यांदा पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच आले पाहिजेत. प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या आत. आलेली रक्कम दुसऱ्या संस्थेला देता येत नाही, गावातल्या छोट्या मंडळीलाही नाही. वार्षिक विवरण आर्थिक वर्ष संपल्यावर नऊ महिन्यांत भरावे लागते आणि नोंदणी पाच वर्षांची असते. पाळकांच्या वैयक्तिक खात्यात परदेशातून मंडळीसाठी पैसे मागवणे हा कायदेभंग आहे. पाठवणाऱ्याचा हेतू कितीही चांगला असो.

घरातली प्रार्थनासभा आणि ध्वनिक्षेपक?

घरातल्या खासगी प्रार्थनेसाठी परवानगी मागावी असा सर्वसाधारण कायदा नाही. तेच घर कायमचे प्रार्थनास्थळ झाले, फलक लागला, दर आठवड्याला शंभर माणसे येऊ लागली, की बांधकाम वापरबदलाचा प्रश्न येतो. सोसायटीत असाल तर उपविधीही बघावे लागतात.

आवाजाबद्दल २००० सालचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल चेन्नईतल्या एका चर्चविरुद्धच आहे: कोणताही धर्म इतरांची शांतता मोडून ढोल आणि ध्वनिवर्धकाने प्रार्थना करायला सांगत नाही. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा, रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. वर्षातल्या ठरावीक दिवशी मध्यरात्रीपर्यंत सूट देता येते, ती यादी दरवर्षी जाहीर होते. नाताळाचा मध्यरात्रीचा मिस्सा (सामूहिक उपासना) मैदानात असेल तर ही यादी पाहूनच वेळ छापावी. सूट नसेल तर मिस्सा दहाच्या आत संपवावा किंवा चर्चच्या बंद दालनात घ्यावा. पोलीस ठाण्यातला अर्ज पोचपावतीसह जपून ठेवावा आणि त्या रात्री त्याची एक प्रत दारावरच्या स्वयंसेवकाकडे द्यावी.